महालक्ष्मीच्या कोठीतील एक ओंजळ

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. अन्यत्र ज्यांना गौरी म्हणतात त्यांनाच आपण मराठवाड्यातील माणसे महालक्ष्म्या म्हणतो, आणि या नावातच आपल्याकडील सणाचा स्वभाव प्रकट झाला आहे. हा धान्याचा सण आहे. हिंगोली असो वा वसमत, कळमनुरी असो वा सेनगाव, औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाच्या छायेतील खेडे असो वा कयाधूकाठची वस्ती असो, ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे ज्या कोठ्यांवर विराजमान होतात त्या कोठ्यांत घरचे गहू-ज्वारी भरलेले असते. पुढे धान्याच्या राशी मांडतात, वर फुलोरा बांधतात, पुरणावरणाचा आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो. सायंकाळी हळदीकुंकवासाठी आळीतील स्त्रिया घरोघर जातात. निमंत्रणपत्रिका नाही, मानपान नाही. ज्या घरी महालक्ष्म्या बसल्या त्या घरचे दार त्या दिवशी उघडेच असावयाचे, हा संकेत आहे.

एरवी ज्या घरांचे एकमेकांकडे वर्षभर जाणेयेणे नसते, त्या घरांतील स्त्रियाही या एका सायंकाळी एकाच सतरंजीवर बसतात. म्हणूनच या मेळाव्याचा उपयोग एखाद्या सत्कार्यासाठी निधी जमविण्याकडे करावा, असा विचार सुजाण गृहिणींच्या मनात येतो. कोणी म्हणते, गावातील एखाद्या निराधार घरच्या मुलीचे शिक्षण पुरे करावे. कोणी म्हणते, अतिवृष्टीत वाहून गेलेल्या संसाराला हातभार लावावा. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यावर जे अस्मानी संकट कोसळले, उभी पिके ज्या रीतीने पाण्याखाली गेली, ते पाहिलेल्या कोणालाही या विचाराची निकड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

विचार उत्तम आहे, यात संशय नाही. परंतु उत्तम विचार आचरणात आणताना तो कसा आणावा, याचा विवेक केला नाही तर पुण्यकर्माचे प्रदर्शन होते आणि ज्याला साहाय्य करावयाचे त्याचीच मान खाली जाते. सणाच्या दिवशी घरी चार माणसे बोलावून सत्कार्यासाठी पैसे जमवावेत काय, आणि जमवावेत तर ते कोणत्या रीतीने, याचा विचार या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पहिला आक्षेप श्रद्धाळू माणसांकडूनच येतो, आणि तो आदराने ऐकून घेतला पाहिजे. देवीच्या दारात पैशाचा विषय कशाला, असे ते विचारतात. हळदीकुंकवाला आलेली स्त्री देवीचे रूप म्हणून येते; तिची ओटी भरावयाची, तिला नमस्कार करावयाचा. तिच्यापुढेच डबा करावयाचा, हे विपरीत नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गैरसमजही आहे. पूजा आणि दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण धरून चालतो. वस्तुतः दान हे पूजेचेच अंग आहे. आपल्या कोणत्याही व्रताचे उद्यापन दानावाचून होत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, देश, काल आणि पात्र पाहून, देणे हे कर्तव्यच आहे या बुद्धीने दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेले ते राजस. आणि अवहेलना करून, अपात्री दिलेले ते तामस. द्यावे की न द्यावे, हा प्रश्न तेथे नाहीच. कसे द्यावे, एवढाच प्रश्न आहे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दानाविषयी जो उपदेश करतो, त्यातही श्रद्धेने द्यावे याबरोबरच लाजून द्यावे असे सांगितले आहे. देणाऱ्याने लाजावे! आपल्याकडे आज घेणाराच लाजतो आणि देणारा ताठ मानेने छायाचित्र काढून घेतो. या एका सूक्ष्म भेदात आपल्या विषयाचे सारे मर्म सामावले आहे.

दुसरे असे की, घराघरांतून थोडे थोडे जमवून मोठे काम उभे करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तो प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा घेण्यासाठी. एक पैसा देऊ शकणार नाही असा मनुष्य त्या काळी विरळा. त्या पैशापैशातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्वे यांनी आपले सारे आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिले. आणि १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून ते खेड्यांतील शाळांसाठी पुन्हा दारोदार वर्गणी मागत फिरले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहातील मुले जगली ती घराघरांतून आलेल्या मूठमूठ धान्यावर, आणि ते धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या अंगावरील दागिन्यांवर. त्या माउलीने अखेर मंगळसूत्रही या कामी लावले. सौभाग्याच्या लेण्याचा इतका थोर अर्थ फार थोड्यांनी लावला असेल.

गाडगेबाबांचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या. ज्यांच्या शब्दाखातर लोकांनी लक्षावधी रुपये दिले आणि पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या गेल्या, ते बाबा स्वतः भाकरतुकडा मागून खात. जमलेल्या पैशाला मागणाऱ्याचा हात लागला नाही, म्हणूनच देणाऱ्याचा हात आखडला नाही. निधी जमवू इच्छिणाऱ्या प्रत्येक गृहिणीने हे सूत्र पदराला बांधून ठेवावे.

मराठवाड्याची कथा तर याहूनही निराळी आहे. निजामी राजवटीत गश्ती निशाण ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानामुळे सार्वजनिक सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. खाजगी शाळा काढण्यावरही निर्बंध होते. अशा काळात लोकांनी एकत्र यावयाचे कोठे? ते एकत्र आले ते देवळात, कीर्तनात, गणेशोत्सवात, वाचनालयात आणि एकमेकांच्या घरांच्या ओसरीवर. १९२१ साली हिप्परगा येथे निघालेली राष्ट्रीय शाळा, जेथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले, तीही लोकाश्रयावरच तगली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला, त्यामागे रणांगणावरील पराक्रम होता, तसाच ओसरीवरील पराक्रमही होता. घरातील सण हा केवळ घरापुरता नसतो, हे आपल्या आजी-पणजींनी आपल्याहून अधिक जाणले होते.

आपल्या शेजारचा धडा तर त्याहूनही जवळ आहे. नांदेडच्या हुजूर साहिबात जातपात न पाहता पंगत बसते, लंगर अखंड चालतो. आपल्या मिळकतीचा दशांश समाजासाठी काढून ठेवावा, अशी शीख बांधवांची शिकवण आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मान्य झालेले नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांच्या एकसष्ट रचनांना स्थान मिळाले आहे. म्हणजे, जी वाणी आपल्या मातीतून पंजाबात गेली तीच लंगराच्या पंगतीतून पुन्हा आपल्या शेजारी येऊन बसली आहे. परदेशांतही ही रीत आहे. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या मॅकमिलन संस्थेसाठी १९९० पासून लोक वर्षातून एका सकाळी शेजाऱ्यांना घरी कॉफीला बोलावतात. खाऊ यजमानाचा आणि कॉफीचे मोल म्हणून जे द्यावयाचे ते रुग्णांसाठी. आपल्या हळदीकुंकवात आणि त्या कॉफीत संस्काराचे अंतर पुष्कळ आहे. पण यजमानाने खर्च सोसावयाचा आणि पाहुण्याने परोपकार करावयाचा, ही मांडणी तीच आहे.

तर रीत आपली आहे, आधार शास्त्राचा आहे, पूर्वजांची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. मग चुकते कोठे?

चुकते ते प्रदर्शनात. हळदीकुंकवाचे वाण हे मुळात सुगड, तीळ, एखादे फळ, फणी-करंडा असे साधे होते. आता वाण कोणी किती भारी वाटले याची चर्चा आळीत आठवडाभर चालते. सजावटीवर, दिव्यांच्या माळांवर, मखरांवर जो खर्च होतो तो देवीच्या ठायी रुजू होतो की शेजारणीच्या डोळ्यांत, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावे. अशा वातावरणात निधीचे ताट फिरू लागले तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. ताटात पहिली नोट पाचशेची पडते. दुसरी पडावयाची ती पाहूनच पडते. कोणीतरी वहीत नावे आणि आकडे लिहीत बसते. आणि दाराशी, सतरंजीच्या टोकाला बसलेली एखादी स्त्री, जिच्या पदराच्या गाठीत त्या दिवशी दहाची एकच नोट आहे, ती ताट आपल्यापर्यंत येण्याआधीच मूल रडते आहे असे सांगून उठते. पुढच्या वर्षी ती त्या घरी येत नाही. ती का आली नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वाचकहो, त्या स्त्रीची अनुपस्थिती हीच या सर्व प्रकारातील खरी हानी आहे. जमलेल्या रकमेने ती भरून निघत नाही. ज्या सणाचे दार बारा महिन्यांतून एकदा सर्वांसाठी उघडते, ते दार आपण एका सत्कार्याच्या नावाखाली तिच्यापुरते लावून घेतले. ज्यांना साहाय्य करावयाचे त्यांच्याच वर्गातील एक बाई अपमानित होऊन गेली. असे दान गीतेच्या कसोटीवर सात्त्विक ठरेल काय? मुळीच नाही.

म्हणून ज्यांना आपल्या घरी असा उपक्रम करावयाचा आहे, त्यांच्यापुढे काही मर्यादा ठेवाव्याशा वाटतात. त्या कडक नाहीत, पण सैलही नाहीत.

पहिली मर्यादा अशी की, सणाचा सारा खर्च यजमानाचा. पुरणाचा, फराळाचा, दिवाबत्तीचा एक पैसाही जमलेल्या निधीतून जाता कामा नये. उलट, या वर्षी सजावट निम्मी करून उरलेला निम्मा खर्च आपण प्रथम त्या निधीत टाकावा, आणि मगच इतरांकडे अपेक्षेने पाहावे. जी स्वतः देत नाही तिला मागण्याचा अधिकार नाही.

दुसरी मर्यादा, ताट नको, झाकलेला डबा हवा. तो तबकाजवळ नको, देवीपुढे नको. ओसरीवर, जाता-येता हात लागेल अशा ठिकाणी ठेवावा. कोणी काय टाकले हे कोणी पाहू नये, विचारू नये, लिहू नये. गुप्तदानाची आपली परंपरा यासाठीच आहे.

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पैशाच्या डब्याशेजारी एक रिकामी परात ठेवावी, आणि येणाऱ्या प्रत्येकीने घरून एक ओंजळ धान्य आणावे, एवढेच आवाहन करावे. गहू असो, ज्वारी असो, तूर असो. ओंजळ सर्वांची सारखीच असते. मोठ्या वाड्यातील सासूबाईंची ओंजळ आणि रोजाने जाणाऱ्या बाईची ओंजळ यांत फरक करता येत नाही. महालक्ष्मीच्या कोठीतील धान्य विसर्जनानंतर घरच्या कणगीत परत जाते. त्यातीलही एक ओंजळ त्या परातीत पडावी. एक ओंजळ पाव किलो धरली तर चाळीस घरांचे दहा किलो होते, आणि आळीतील पाच-सहा घरांनी हाच नेम धरला तर एका लहान कुटुंबाची महिन्या-दोन महिन्यांची भाकरी त्या तीन दिवसांत सहज जमते. हिशेब इतका साधा आहे.

चौथी मर्यादा वाणाविषयी. साठ स्त्रियांना वीस रुपयांचे वाण दिले तर बाराशे रुपये होतात, आणि त्या डबीचा किंवा वाटीचा घरी उपयोग बहुधा होत नाही. त्याऐवजी ओटीत एक हळकुंड, एक सुपारी आणि चिमूटभर तांदूळ घालावेत, आणि वाणाचे पैसे कोणाच्या कामी गेले हे नम्रपणे सांगावे. वाण मिळाले नाही म्हणून देवी कोपत नाही, आणि समजूतदार शेजारीणही कोपत नाही.

पाचवी मर्यादा हिशेबाची. काम एकच ठरवावे आणि ते आधी सांगावे. धर्मादाय कामासाठी वर्गणी जमविण्याला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा लागू होतो. तेव्हा रक्कम मोठी होणार असेल किंवा ओळखीपाळखीपलीकडे मागावयाचे असेल, तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या विद्यमानेच ते करावे, आणि पैसे तिच्याकडे देऊन रीतसर पावती घ्यावी. काय जमले आणि कोठे गेले, हे पुढच्या हळदीकुंकवाला, म्हणजे बहुधा संक्रांतीला, सर्वांसमोर वाचून दाखवावे. सार्वजनिक मंडळांच्या वर्गणीविषयी लोकांत जी कुरकुर ऐकू येते तिचे कारण लोक कंजूष झाले हे नसून हिशेब कळत नाही, हे आहे. घरातील निधीला तरी तो डाग लागू नये.

या पाच मर्यादा पाळल्या म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे, आणि ती बोलल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

महालक्ष्मीच्या पूजेच्या वेळी आपण कहाणी वाचतो. ती आपल्याला इतकी पाठ झाली आहे की तिच्यातील शब्दांकडे आपले लक्ष राहत नाही. कोणाची आहे ती कहाणी? एका दरिद्री गृहस्थाची. शेजारीपाजारी देवी बसली, म्हणून त्याची मुले आईजवळ हट्ट धरतात. आई म्हणते, घरात काही नाही, बाबांना सांगा, बाजारातून सामान आणू द्या. बापाजवळ पैसा नाही. सण आला आणि मुलांच्या तोंडी घालावयाला काही नाही, या दुःखाने तो बाप तळ्यावर जीव द्यावयास निघतो. वाटेत त्याला एक वृद्ध स्त्री भेटते. ती त्याची विचारपूस करते, त्याला धीर देते आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी येते. घरी आल्यावर पाहतात तो रिकामे मडके कण्यांनी भरलेले. ती वृद्धा म्हणजेच साक्षात देवी.

शेकडो वर्षे वाचली जाणारी ही कहाणी मराठवाड्याच्या आजच्या दुःखाशी किती तंतोतंत जुळते! कर्जाने आणि नापिकीने गांजलेला शेतकरी बाप आपल्या परिचयाचा आहे. कहाणीतला बाप तळ्यावरून परत आला, कारण वाटेत त्याला विचारपूस करणारे कोणी भेटले. आपल्या शिवारांतील कित्येक बाप परत आले नाहीत. त्यांच्या मागे घरे आहेत, मुली शाळा सोडण्याच्या बेतात आहेत, आणि त्या घरांचा गाडा एकटीने ओढणाऱ्या माउल्या आहेत. निधी जमवावयाचा तो याच घरांसाठी, असे आपण सहजच ठरवितो. आणि नेमक्या त्याच माउलीला आपण हळदीकुंकवाला बोलावीत नाही.

हा विरोधाभास डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे. जिच्या मुलीच्या पुस्तकांसाठी ओसरीवर डबा ठेवला आहे, ती स्वतः उंबऱ्याबाहेर. तिच्यासाठी पैसे चालतात, ती चालत नाही. तिचे नाव घेऊन चारजणी डोळे पुसतात. परंतु तिच्या कपाळाला बोट लावावयाला एकीचाही हात पुढे होत नाही.

आणि हे घडते कोठे, तर हळदीच्या माहेरी. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. हिंगोलीच्या मोंढ्याला संत नामदेवांचे नाव आहे, आणि तेथे हंगामात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. मृगाच्या सुमारास लावलेले बेणे शेतात आठ-नऊ महिने राहते. मग काढणी, वेचणी, शिजवणे, उन्हात पसरून वाळवणे आणि शेवटी घासून उजळणे. या सर्व खटाटोपात सर्वाधिक हात कोणाचे राबतात? स्त्रियांचे, आणि त्यांत एकट्या पडलेल्या, रोजाने जाणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. कुंकूही परंपरेने हळदीपासूनच तयार होते. म्हणजे, जिची बोटे हंगामभर हळदीने पिवळी झालेली असतात, तिलाच तबकातील चिमूटभर हळद निषिद्ध! मातीला हा भेद ठाऊक नाही, हळकुंडाला ठाऊक नाही. तो फक्त आपल्या उंबऱ्याला ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल, ही रूढी आहे, ती मोडावयाचा अधिकार आम्हांस नाही. रूढीचा मान राखला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पूर्वजांनी घालून दिलेली प्रत्येक गोष्ट टाकाऊ असते, असे मानणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नव्हे. परंतु रूढी माणसांनीच घालून दिल्या आणि माणसांनीच वेळोवेळी सुधारल्या, हाही इतिहास आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनी हे अनुकरण करावे, असे आवाहन केले. हा ठराव कोणा नास्तिकांच्या मंडळाने केलेला नाही. देवदेवतांचे उत्सव करणाऱ्या, वारीला जाणाऱ्या एका साध्या गावाने केला.

आणि आपल्याजवळ तर नामदेवांचा वारसा आहे. नैवेद्याची पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावणारे नामदेव, ही कथा आपण मुलांना सांगतो. ती सांगताना आपला स्वर भक्तीने भरून येतो. नामदेवांनी त्या मुक्या जिवात विठ्ठल पाहिला. औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना जे शिकविले असे परंपरा सांगते, ते हेच की देव नाही असे स्थळ दाखवून दे. ज्या नामदेवांना पळणाऱ्या कुत्र्यात देव दिसला, त्यांच्या जिल्ह्यातील आपणांस शेजारच्या घरातील एकट्या काकूंमध्ये देवी दिसू नये काय? कहाणीतील त्या वृद्धेला तळ्याकाठी कोणी विचारले होते काय, की बाई, तुझा पती हयात आहे काय? तसे विचारले असते तर देवी त्या घरी आलीच नसती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्या घरच्या हळदीकुंकवाला ती स्त्री सन्मानाने येऊ शकत नाही, त्या घराने तिच्या नावाने निधी जमवू नये. आधी तिला बोलवावे, मग डबा ठेवावा. ज्यांच्या मनाची एकदम तयारी होत नाही, त्यांनी निदान पंगतीपासून आरंभ करावा. देवीच्या नैवेद्याचे पान तिला घरी पाठवू नये, तिला घरी बोलावून आपल्या पंगतीत वाढावे. तिची ओटी भरावी. तिला नमस्कार करावा. पुढचे पाऊल पुढच्या वर्षी आपोआप पडेल. सासूबाईंनी पुढाकार घेतला तर सुनांना बळ येते, आणि आळीतील एका वडीलधाऱ्या आक्कांनी स्वतः उठून कुंकवाचे बोट लावले तर त्यावर कोणी ब्र काढीत नाही. समाजात अशा गोष्टी व्याख्यानांनी थोड्या आणि वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कृतीने पुष्कळ घडतात.

यात दुसरीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तिला बोलवावयाचे ते मदत घेण्यासाठी नव्हे. हीच ती बाई, हिच्यासाठीच आपण पैसे जमवीत आहोत, असे सर्वांसमक्ष दाखविणे हा तिचा दुसरा अपमान होईल. निधी कोणाला द्यावयाचा त्याचे नाव त्या सायंकाळी उच्चारूच नये. मुलीच्या शिक्षणासाठी, एवढेच सांगावे. देणे नंतर, एकांतात, शाळेच्या किंवा संस्थेच्या हातून व्हावे. त्या सायंकाळी ती केवळ पाहुणी. आणि तीही येताना आपल्या घरची एक ओंजळ ज्वारी घेऊन येईल, हे विसरू नका. तिलाही देऊ द्या. जिने आजवर केवळ घेतले असे जग समजते, तिला आपणही देऊ शकतो हे कळणे, हा आधार पैशाहून मोठा असतो.

काही जण म्हणतील, एवढ्याशा ओंजळींनी मराठवाड्याचे दारिद्र्य हटणार आहे काय? शेतमालाला भाव, पाण्याची सोय, पीकविमा, कर्ज हे मोठे प्रश्न आहेत आणि ते शासनाने सोडवावयाचे आहेत. खरेच आहे. ओंजळ ही शासनाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. शासनाकडे हक्काने मागावयाचे ते मागत राहिलेच पाहिजे. परंतु कहाणीतल्या बापाला तळ्याच्या वाटेवर त्या क्षणी राजाचा दूत भेटला नव्हता. एक साधी म्हातारी भेटली होती. तिने त्याला आधी विचारले, का रे बाबा, काय झाले? मडके नंतर भरले. ही विचारपूस कोणतेही शासन करू शकत नाही. ती शेजारच्या घरानेच करावयाची असते, आणि ती करावयाला वर्षातून एक दिवस आपल्या धर्माने आपणांस मुद्दाम नेमून दिला आहे.

हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव दीड शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. हजारो लोक त्यासाठी मैदानावर जमतात. ती आपल्या शहराची शोभा आहे, ती तशीच राहो. पण मैदानावरच्या गर्दीत माणसाला माणसाचे दुःख दिसत नाही. ते ओसरीवर दिसते, सतरंजीच्या टोकाला दिसते, उंबऱ्याबाहेर रेंगाळणाऱ्या पावलांत दिसते. म्हणून हे काम घरातूनच झाले पाहिजे.

यंदा महालक्ष्म्या येतील तेव्हा कोठ्या भरताना प्रत्येक गृहिणीने एक ओंजळ बाजूला काढून ठेवावी. मखराची एक माळ कमी लावावी. झाकलेला डबा ओसरीवर ठेवावा. आणि तिन्हीसांजेला, दिवे लागल्यावर, पोरीबाळींना निरोप सांगावयास न पाठविता, स्वतः पदर सावरून त्या एका घरी जावे आणि म्हणावे, काकू, आमच्याकडे देवी बसली आहे, दर्शनाला चला. ज्येष्ठा-कनिष्ठा आपल्या सर्वांच्या कणग्या भरलेल्या ठेवोत.